आंबा कॅनिंगच्या कारखान्याचं दूरस्थ ऑडिट: तयारीपासून अहवालापर्यंत

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबा कॅनिंगचा हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा असतो. एप्रिलच्या शेवटी कॅनिंगचा आंबा यायला लागतो आणि पाऊस लागला की लाइन बंद होते. अन्नसुरक्षेचं ऑडिट व्हायचं तर ते याच दिवसांत, कारण ऑगस्टमध्ये कारखान्यात जाऊन धुतलेली यंत्रं आणि रिकामी फरशी पाहण्यात काही अर्थ नाही. नेमक्या याच दिवसांत सगळ्या कारखान्यांना ऑडिटर हवे असतात. त्यामुळे ऑडिटचा काही भाग पुण्या-मुंबईत बसून, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून करण्याची मागणी आता नेहमीची झाली आहे.

हे ऑडिट नीट करता येतं, पण त्याला व्हिडिओ कॉल समजून बसलं तर हाती काहीच लागत नाही. सगळा भर एका गोष्टीवर आहे: कॅमेरा कुठे वळवायचा हे ऑडिटरने ठरवायचं, कारखान्याने नाही. खालची प्रत्येक पायरी शेवटी याच मुद्द्यावर येते. आंबा कॅनिंगचं उदाहरण धरून लिहितो आहे. दुग्धालय, मसाला किंवा काजू प्रक्रिया असेल तर यंत्रं बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी परवानगी आहे का ते पाहा

दूरस्थ ऑडिट कोविडमुळे जन्माला आलं असा समज आहे, तो बरोबर नाही. व्यवस्थापन प्रणालींच्या ऑडिटची मार्गदर्शक तत्त्वं देणाऱ्या आयएसओ १९०११ च्या २०१८ च्या आवृत्तीतच प्रत्यक्ष आणि दूरस्थ अशा दोन्ही पद्धती मांडलेल्या आहेत. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन फोरमने काढलेला आयएएफ एमडी ४ हा दस्तऐवजही २०१८ चा. माहिती-तंत्रज्ञान वापरून ऑडिट करायचं असेल तर माहितीच्या सुरक्षिततेबद्दल दोन्ही बाजूंची आधी सहमती हवी आणि त्या पद्धतीतल्या जोखमीचा विचार नोंदलेला हवा, असं तो सांगतो. २०२० मध्ये प्रवास थांबला आणि या तरतुदी खऱ्या अर्थाने वापरात आल्या. पुढे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने सरकारी यंत्रणांच्या दूरस्थ ऑडिट आणि तपासणीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली.

आज स्थिती अशी आहे की कंपनीचं अंतर्गत ऑडिट आणि खरेदीदाराने केलेलं पुरवठादाराचं ऑडिट यांत तुम्हाला बरीच मोकळीक आहे. प्रमाणपत्राच्या ऑडिटमध्ये ती नाही. एफएसएससी २२००० किंवा बीआरसीजीएससारख्या अन्नसुरक्षा प्रमाणपत्राच्या योजनांत साधारणपणे मिश्र पद्धत चालते: कागदपत्रं आणि मुलाखती दुरून, उत्पादन विभाग प्रत्यक्ष. दोन भागांत किती दिवसांचं अंतर चालेल यालाही मर्यादा असते. एफएसएससीमध्ये ती सर्वसाधारणपणे ३० दिवसांची आहे. एफएसएसएआय या आपल्या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची त्रयस्थ ऑडिटची चौकट २०१८ च्या अन्नसुरक्षा ऑडिट विनियमांची आहे, ती वेगळी पाहायची. म्हणून पहिलं काम हे: प्रमाणन संस्थेला ईमेल करून कोणता भाग दुरून चालेल ते लेखी मागवा. फोनवरचं "चालेल हो" पुरेसं नाही.

परवानगी असली तरी काही ठिकाणी मी दूरस्थ ऑडिट करू नये असंच सांगेन. कारखाना पूर्णपणे नवा असेल आणि ऑडिटरने तो एकदाही पाहिलेला नसेल, नुकताच माल परत बोलवावा लागला असेल, डब्यात काही सापडल्याची किंवा डबे फुगल्याची तक्रार असेल, किंवा मागच्या ऑडिटमध्ये स्वच्छतेबद्दल गंभीर त्रुटी निघाली असेल, तर गाडी काढून जावं.

नेटवर्कची रंगीत तालीम

ऑडिटच्या आठवडाभर आधी, लाइन चालू असताना, ज्या वेळी फेरी होणार आहे त्याच वेळी मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून पूर्ण कारखाना फिरा. ऑफिसात बसून नेटचा वेग मोजू नका. शीतगृहाच्या पफ पॅनेलला (फोम भरलेल्या भिंतीला) पत्रा असतो, त्यामुळे दार लागलं की रेंज जाते. बॉयलर रूम, पत्र्याच्या शेडमधलं गोदाम, पिकवणी खोली इथेही तेच. कारखान्याच्या नकाशावर अशा जागा लाल पेनाने खुणा करून ऑडिटरला आधीच पाठवा. तिथे राउटर वाढवता आला तर उत्तम. नाही आला तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेला फोन ठेवा. तरीही जमलं नाही तर त्या खोलीचं सलग चित्रीकरण फोनवर करून बाहेर येऊन लगेच दाखवायचं, पण ते ऑडिटरच्या सांगण्यावरून, त्याच फेरीत. आदल्या दिवशी काढून ठेवलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घेऊ नये.

आवाजाचा प्रश्न नेटवर्कहून मोठा आहे. पल्परच्या (रस काढणाऱ्या यंत्राच्या) शेजारी उभं राहून साध्या माइकवर बोललेलं पलीकडे ऐकूच येत नाही. बाहेरचा आवाज गाळणारा, कानावर घट्ट बसणारा हेडसेट घ्या. रिटॉर्टजवळ (भरलेले डबे तापवण्याच्या टाकीजवळ) वाफेने लेन्स धूसर होते, म्हणून पुसायला कोरडं मऊ कापड खिशात हवं.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. उत्पादन विभागात काच नेऊ देत नाही आणि ऑडिटच्या नावाखाली काचेचा फोन उघड्या रसावरून फिरवला जातो. फोनला न फुटणारं आवरण, मनगटाला पट्टा, आत जाण्याआधी सॅनिटायझरने पुसणं आणि काच-ठिसूळ वस्तूंच्या रजिस्टरमध्ये आत-बाहेरची नोंद, एवढं कराच. फोन धरणाऱ्यालाही टोपी, मास्क, हात धुणं हे सगळे नियम लागू. जाण्याचा क्रम स्वच्छ विभागाकडून अस्वच्छ विभागाकडे, म्हणजे आधी डबे भरण्याचा विभाग, मग कच्च्या आंब्याचं आवार.

कागदपत्रं: दिवस ऑडिटरने निवडायचे

साधारण १० दिवस आधी एक सुरक्षित फोल्डर उघडा, फक्त वाचता येईल असा. त्यात कारखान्याचा नकाशा, प्रक्रियेचा फ्लो चार्ट, हॅसॅप योजना (धोके कुठे आहेत आणि ते कसे रोखायचे याचा आराखडा), पाण्याचे तपासणी अहवाल, कीडनियंत्रणाच्या नोंदी, कॅलिब्रेशन (मोजमापाची उपकरणं तपासून घेतल्याच्या नोंदी), कामगारांची वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण आणि तक्रारींचं रजिस्टर ठेवा. एफएसएसएआयच्या परिशिष्ट ४ मधल्या (शेड्यूल ४, स्वच्छतेचे नियम) बहुतेक अपेक्षा यात येतात. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर हवा, तेव्हा हंगामी कामगारांची संख्या आणि फोस्टॅक (एफएसएसएआयचं अन्नसुरक्षा प्रशिक्षण) प्रमाणपत्रं एकत्रच लावा. हंगामात माणसं दुप्पट होतात, प्रमाणपत्रं तेवढीच राहतात. ही त्रुटी फार सामान्य आहे.

रोजच्या नोंदी मात्र कारखान्याने निवडून पाठवायच्या नाहीत. ऑडिटर तारखा सांगेल आणि त्या तारखांची पानं तासाभरात रंगीत स्कॅन होऊन यावीत. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये खूप काही हरवतं: वेगळ्या पेनने नंतर घातलेली सही, खाडाखोड, आठ तासांच्या नोंदी एका बैठकीत एकाच हाताने भरल्याची खूण. शंका आली तर रजिस्टर कॅमेऱ्यासमोर धरून पान न पान उलटायला सांगा, कोरी पानंसुद्धा.

तारखा कशा निवडायच्या? माझी आवडती युक्ती म्हणजे लाईट गेलेला दिवस. कोकणात मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की लाईट जातेच. जनरेटरच्या लॉगबुकातून असा दिवस आणि वेळ शोधा. मग त्याच वेळेची पाश्चरायझरची (रस तापवून जंतू मारणाऱ्या यंत्राची) नोंद, तापमानाचा आलेख आणि डबे भरल्याची नोंद शेजारी शेजारी ठेवा. वीज जाऊन जनरेटर चालू होईपर्यंतच्या मिनिटांत तापमान खाली यायला हवं. आलेखात खड्डा दिसतो आणि हाताने लिहिलेल्या नोंदीत दर अर्ध्या तासाला तोच आकडा असेल, तर नोंदी कशा भरल्या जातात ते कळलं. खड्डा दिसतो, नोंदीतही लिहिलेला आहे आणि त्या वेळेतला रस बाजूला काढल्याची एंट्री आहे, तर समजा की हा कारखाना मनापासून काम करतो. हे तपासायला प्रत्यक्ष जायची गरज नाही. उलट दुरून, शांतपणे, तीन कागद समोर ठेवून ते जास्त चांगलं होतं.

वेळापत्रक

दुरून ऑडिट म्हणजे कमी वेळ, हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्यक्ष ऑडिटला जितका वेळ लागतो तितकाच धरा. फरक एवढाच की एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त स्क्रीनसमोर बसू नका, कारण त्यानंतर ऑडिटरचं लक्ष उडतं आणि समोरची माणसंही कंटाळतात. फेरी लाइन भरात असताना ठेवा. दुपारी आंब्याच्या गाड्या लागल्यावर, शिफ्ट बदलताना, जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच, अशा वेळी जे दिसतं ते खरं.

कॅमेऱ्यातून फेरी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत जास्त बिघडतो तोही हाच. फेरी सुरू करण्याआधी फोन धरणाऱ्याशी चार-पाच सूचना ठरवून घ्या: थांबा, मागे या, खाली, वर, उघडा. दुसरं काही बोलायची गरज पडू नये. कॉल गेटपासून सुरू करायचा आणि फेरी संपेपर्यंत तोडायचा नाही. तुटलाच तर जिथे तुटला तिथूनच पुन्हा, आणि किती वेळ तुटला होता ते टिपून ठेवायचं. प्रत्येक खोलीत शिरताना दारातच थांबून कॅमेरा हळूहळू पूर्ण गोल फिरवा, मग फरशी, मग छत. माणूस खोलीत शिरला की डोळ्याच्या कडेने त्याला बरंच काही दिसतं. कॅमेऱ्याला कड नसते, म्हणून ते मुद्दाम मागावं लागतं. क्यूए (गुणवत्ता) मॅनेजर पुढे चालत "आता इकडे या" म्हणू लागले तर त्यांना नम्रपणे मागे यायला सांगा.

खालचे मुद्दे प्रक्रियेच्या क्रमाने दिले आहेत, चालायचा क्रम मात्र वर सांगितला तोच. पिकवणी खोलीत इथिलिनचा (आंबा पिकवणाऱ्या वायूचा) स्रोत पाहा. एफएसएसएआयने इथिलिन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी दिलेली आहे आणि कॅल्शियम कार्बाइडला सक्त मनाई आहे. नुसती खोली दाखवून भागत नाही. क्रेट हलवायला सांगा, तळाशी कार्बाइडच्या पुड्या आहेत का पाहा, मग इथिलिन खरेदीची बिलं आणि पिकवलेल्या आंब्याचं वजन ताडून बघा. आंबा बाहेरून पिकवून येत असेल तर हा प्रश्न पुरवठादाराकडे जातो, संपत नाही.

धुण्याच्या टाकीवर क्लोरीन किती आहे ते विचारू नका, मोजायला सांगा, कॅमेऱ्यासमोर. पल्पर आणि फिनिशरची चाळणी काढून प्रकाशासमोर धरायला लावा. तुटलेली जाळी अशी चटकन दिसते. चुंबकं बाहेर काढून पांढऱ्या कागदावर पुसून दाखवायला सांगा. मेटल डिटेक्टर असेल तर लोह, अलोह आणि स्टेनलेस स्टील अशा तिन्ही तुकड्यांची चाचणी समोर व्हावी. रस पत्र्याच्या डब्यात भरल्यावर मेटल डिटेक्टर उपयोगाचा राहत नाही, त्यामुळे तो भरणीच्या आधीच हवा. फ्लो चार्टमध्ये तो नेमका कुठे दाखवला आहे आणि प्रत्यक्षात कुठे आहे, हे जुळवा.

पाश्चरायझरसमोर तापमानाचा डिस्प्ले, आलेख आणि भिंतीवरचं घड्याळ एकाच चौकटीत घ्या. मग ठरवलेल्या मर्यादेच्या खाली तापमान गेलं तर रस आपोआप परत वळतो का, ते शक्य असल्यास करून दाखवायला सांगा. हापूसच्या रसाचा पीएच ४.६ च्या खाली असतो, म्हणजे तो पुरेसा आंबट असतो, म्हणून त्याला मांस किंवा भाजीच्या डब्यासारखी दाबाखालची तीव्र उष्णता लागत नाही. पण याचा अर्थ इथे ढिलाई चालते असा नाही. दर बॅचचा पीएच कुठे लिहितात, मीटर कधी कॅलिब्रेट केला, मीटर तपासायच्या बफर द्रावणाच्या बाटलीवरची मुदत काय, हे सगळं कॅमेऱ्यात वाचता यायला हवं.

सीमिंगवर, म्हणजे डब्याला झाकण घट्ट बसवण्यावर, वेळ द्या. डब्याची दुहेरी शिवण कापून, हुकांची लांबी मोजून, ओव्हरलॅप काढण्याची चाचणी लाइनवरचा माणूस करतो तशी पूर्ण पाहा. त्याचा हात सराईत आहे की मॅनेजर कानात सांगत आहेत, ते पडद्यावरही कळतं. त्यानंतर थंड करण्याचं पाणी. गरम डबा थंड होताना आतली हवा आकसते आणि शिवणीतून सूक्ष्म प्रमाणात पाणी आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून त्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असणं अत्यावश्यक आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात शिल्लक क्लोरीनची अपेक्षा किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. टाकीत येणाऱ्या पाण्याचं नव्हे, डबे बाहेर पडतात त्या टोकाचं पाणी तपासायला सांगा. डबे साधारण ३८ ते ४० अंशांवर बाहेर काढतात, म्हणजे उरलेल्या उष्णतेने ते स्वतःच कोरडे होतात. ओले डबे रचलेले दिसले तर थांबा आणि विचारा.

हात धुण्याच्या जागेवर फोन स्टँडवर ठेवून १५ मिनिटं कुणीही काही बोलायचं नाही. येणारे-जाणारे कामगार काय करतात ते नुसतं बघायचं. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं सगळे सावध असतात, नंतर रोजची सवय दिसू लागते.

कॅमेऱ्याला वास येत नाही. आंबलेल्या रसाचा आंबूस दर्प, तुंबलेल्या गटाराचा वास, ओल्या भिंतीची बुरशी यांतलं काहीही पलीकडे पोहोचत नाही. चिकटपणाही नाही. काही गोष्टींना पर्याय आहेत: धुतलेल्या पाइपच्या तोंडावर पांढरा टिश्यू फिरवून दाखवणं, एटीपी स्वॅबचं (पृष्ठभाग किती स्वच्छ आहे ते मोजणाऱ्या चाचणीचं) रीडिंग कॅमेऱ्यासमोर घेणं, पृष्ठभागावर टॉर्च तिरपा धरणं, यंत्राखाली आरसा सरकवणं. वासाला मात्र पर्याय नाही. तिथे प्रामाणिकपणे "पाहता आलं नाही" असं लिहायचं.

माणसांशी बोलणं

फोन आणि हेडसेट ऑपरेटरच्या हातात द्या आणि मॅनेजरना दहा पावलं दूर उभं राहायला सांगा. ऑपरेटरला प्रश्न फक्त ऑडिटरकडूनच ऐकू यावेत. "सीसीपी (धोका रोखण्याच्या कळीच्या जागा) किती आहेत?" असा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि पाठ केलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, "दादा, तापमान खाली गेलं तर तुम्ही पहिलं काय करता? मग कुणाला सांगता? शेवटचं असं कधी झालं होतं?" निवडणीवर बसलेल्या मावशींना विचारा की आंब्यात अळी दिसली तर ते फळ कुठे टाकतात, हाताला कापलं तर काय करतात, पट्टी कुठल्या रंगाची मिळते. भाषेचं भान ठेवा. हंगामी कामगारांत हिंदी किंवा नेपाळी बोलणारेही असतात. फलक मराठीत आणि माणूस नेपाळी असेल तर प्रशिक्षण झालं असं म्हणता येत नाही. कामगार घाबरलेला वाटला तर त्याचं नाव अहवालात येणार नाही, हे त्याला आधी सांगा. पाळायचंही तसंच.

माग काढणं

गोदामात फोन नेला की ऑडिटरने पडद्यावरूनच स्वतः एक डबा निवडावा: तिसरी रास, वरून दुसरा. त्याचा कोड वाचून घड्याळ सुरू करा. या बॅचचा आंबा कुणाकडून आला, कधी पिकला, त्या दिवशीच्या सीसीपी नोंदी, डबे कुठल्या लॉटचे, आणि बाकीचे डबे कुठे गेले. बीआरसीजीएसमध्ये हे चार तासांत व्हायला हवं, आणि ती वेळ कुठल्याही कारखान्याला लावण्यासारखी आहे.

वजनाचा ताळा इथेच घ्या. समजा त्या बॅचला १०,००० किलो आंबा आत आला. ३.१ किलोचे १,७०० डबे भरले, म्हणजे ५,२७० किलो रस. साल आणि कोय ४,३०० किलो, निवडणीत फेकलेला आंबा ३०० किलो. एकूण ९,८७० किलो झाले, १३० किलोचा हिशेब लागत नाही. एवढी तफावत सांडलवंड आणि धुण्यात जाऊ शकते आणि कारखान्याने तसं समजावून सांगितलं तर पुरे. बेरीज आत आलेल्या आंब्यापेक्षा जास्त आली तर मात्र दुसरा रस किंवा दुसऱ्या जातीचा आंबा कुठून आला, हे विचारलंच पाहिजे. हापूसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या डब्याबाबत तर नक्कीच.

पुरावे आणि अहवाल

चित्रीकरण सरसकट करू नका. काय टिपायचं, कुठे ठेवायचं, कधी पुसायचं हे सुरुवातीच्या बैठकीत ठरवून लिहून घ्या. कामगारांचे चेहरे येत असतील तर त्यांची संमती हवी. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि तो कारखान्यांनी वाचायला हवा. स्क्रीनशॉट घेताना मोठ्याने सांगून घ्या. त्यावर वेळ आणि जागा लगेच लिहा, कारण संध्याकाळी चाळीस फोटोंतला कुठला नळ कुठल्या विभागाचा हे आठवत नाही.

त्रुटी सापडली की ती तिथेच, त्याच कॉलवर समोरच्याला मान्य करून घ्या. "फोटोत तसं दिसतंय, पण प्रत्यक्षात नाही" हा वाद दूरस्थ ऑडिटमध्ये हमखास होतो. प्रकाशामुळे डाग वाटलेली सावली असू शकते, म्हणून जवळ जाऊन, पुसून, पुन्हा दाखवायची संधी कारखान्याला मिळायलाच हवी.

अहवालात कोणता भाग दुरून, किती वेळ, कुठल्या साधनाने झाला, संपर्क किती वेळा तुटला आणि काय पाहता आलं नाही, हे स्वतंत्र मथळ्याखाली यावं. शेवटची यादी लपवायची नाही. प्रत्यक्ष भेटीला जाणाऱ्या ऑडिटरच्या हातात तीच यादी द्यायची आणि त्याने आधी तिथेच जायचं: रेंज न मिळालेली पिकवणी खोली, रिटॉर्टमागचं गटार, वास घेऊन पाहायची टाकी. ही भेट लाइन बंद होण्याआधीच्या तारखेला पक्की करा, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तर पुढचा आंबा थेट पुढच्या वर्षी.